सिंगापुरात आपला नासी लेमाकवाला कसा शोधावा

नव्या गावात बिऱ्हाड केलं की मराठी माणूस आधी दूधवाला शोधतो, मग चक्की, मग वडापाववाला. सिंगापुरात दूध सुपरमार्केटात मिळतं, पीठही पुड्यात मिळतं. इथे शोधायचा तो नासी लेमाकवाला. नारळाच्या दुधात शिजलेला भात, त्यावर मिरचीचा लालभडक सांबाल, कुरकुरीत सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अंडं. मलय लोकांची ही मूळची न्याहारी. आता सगळे खातात आणि दिवसभर खातात.

मी पहिल्यांदा तो खाल्ला तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने. ऑफिसात कुणीतरी एका नावाजलेल्या स्टॉलचं नाव सांगितलं, म्हणून रविवारी साडेअकराला तिथे गेले. पाऊण तास रांगेत उभी राहिले. एवढं उभं राहिल्यावर साधं कसं घ्यायचं, म्हणून दिसेल ते ताटात घ्यायला लावलं आणि बारा डॉलर मोजले. भात कसा होता ते आज आठवतही नाही, कारण सगळ्यावर तळणीचीच चव होती. पुढे वर्षभर चुका करत करत जी रीत बसली ती खाली देते. सगळं सिंगापुरातलं आहे. मलेशियाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

निघण्याआधी जवळ काय हवं

- दोन, पाच आणि दहा डॉलरच्या सुट्या नोटा. बरेच स्टॉल क्यूआर कोड घेतात, पण त्यासाठी इथलं बँक खातं आणि पे-नाउ ही फोनवरून पैसे देण्याची सोय लागते, आणि नव्या माणसाचं खातं उघडायला काही दिवस जातात. सकाळी सात वाजता पन्नासची नोट पुढे करू नका.
- टिशूचं पाकीट. हात पुसायला तर लागतंच, पण खरा उपयोग जागा धरायला. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. याला इथे ‘चोप करणं’ म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायला नको.
- फोनमध्ये एक साधी नोंदवही. कशासाठी ते सहाव्या पायरीत येईल.
- रिकामं पोट. हा भात जड असतो.

एक खुलासा. स्टॉलवर ‘सीडीसी व्हाउचर चालतील’ असा स्टिकर दिसेल. ती व्हाउचर इथल्या नागरिकांच्या कुटुंबांना सरकारकडून मिळतात. वर्क पासवर आलेल्यांनी त्याची चौकशी करत बसू नये. मी केली होती, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी अगदी प्रेमाने मला ते समजावलं होतं.

१. आधी ताट ओळखा

‘नासी’ म्हणजे भात आणि ‘लेमाक’ म्हणजे स्निग्ध, चरबीचा. लिहितात लेमाक, पण बोलताना ‘लमाऽ’ असं काहीतरी ऐकू येतं, शेवटचा क घशातच राहतो. तुम्ही लेमाक म्हटलंत तरी कळतं.

भात ‘सांतान’मध्ये, म्हणजे नारळाच्या दुधात शिजतो. त्यात पांदानच्या पानाची गाठ मारून टाकतात, बरेच जण आल्याचा तुकडाही घालतात. हे पांदान आपल्याला अनोळखी नाही. कोकणात काही घरांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर जे अन्नपूर्णेचं रोप वाढतं, ज्याचं पान साध्या तांदळात टाकलं की भाताला आंबेमोहोरासारखा वास येतो, तेच हे. पहिल्या खेपेला तो वास आला तेव्हा मी सिंगापुरात नव्हते, आईच्या मागीलदारी होते. मात्र नारळीभाताची कल्पना डोक्यात घेऊन जाऊ नका. गूळ नाही, वेलची नाही, हा भात खारट-स्निग्ध असतो.

सांबाल म्हणजे या ताटाचा जीव. सुक्या मिरच्या, कांदा, लसूण वाटून भरपूर तेलात मंद आचेवर परततात. आंबटपणाला चिंच, गोडीला साखर किंवा ताडगुळासारखा गूळ, आणि ‘बलाचान’. बलाचान म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली. सुकट भाजताना शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद होतात, तसंच बलाचान भाजतानाही होतं.

‘इकान बिलिस’ ही बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी सुकी मासळी, मांदेलीची लांबची धाकटी भावंडं म्हणा. ती आणि शेंगदाणे खरपूस तळून बाजूला देतात. अंड्याचं म्हणाल तर सिंगापुरात बहुधा तळलेलं मिळतं, मलेशियात उकडलेलं अर्धं.

याच्यावर हवं ते वाढवून घ्यायचं. तळलेली कोंबडी म्हणजे ‘आयाम गोरेंग’. ‘बगदिल’ म्हणजे बटाट्याची टिक्की, त्यात बरेचदा थोडा खिमा असतो. ‘ओताह’ म्हणजे मसाला घालून पानात भाजलेला माशाचा लगदा, चांगल्या ठिकाणी तो तेंगिरीचा, म्हणजे आपल्या सुरमईचा असतो. ‘सोतोंग’ म्हणजे माकुल. ‘इकान कुनिंग’ हे पिवळ्या पट्ट्याचे छोटे मासे काट्यासकट कुरकुरीत तळलेले असतात, आणि माझ्या मते कोंबडीपेक्षा शंभर पटीने चांगले लागतात.

नावं सारखी असल्याने घोटाळा होतो. ‘नासी पादांग’ म्हणजे साधा पांढरा भात आणि काचेमागे मांडलेल्या दहा-पंधरा भाज्या-कालवणांतून निवड, ‘नासी आयाम’ म्हणजे चिकन राइस. नारळाचा भात हवा असेल तर ‘लेमाक’ हा शब्द ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. काय खात नाही ते आधी ठरवा

माझा नवरा शाकाहारी, मी मासळीची. त्यामुळे या पायरीवर आमच्या घरात पुरेसं रामायण झालेलं आहे.

शाकाहारी वाचकांनी हे नीट वाचा. ताटातली कोंबडी आणि मासा काढायला लावला म्हणजे ताट शाकाहारी झालं, असं नाही. सांबालमध्ये बलाचान असतोच, कित्येकदा इकान बिलिसही वाटलेली किंवा अख्खी असते. शेंगदाणे आणि मासळी एकाच डब्यातून येतात. अंडं त्याच तेलात तळलेलं असतं. ‘व्हेजिटेरियन?’ असं विचारल्यावर ‘येस, येस, ओन्ली एग’ हे उत्तर प्रामाणिकच असतं, पण सांबालचा विचार त्यात धरलेला नसतो. नवऱ्याने असा सांबाल तीन आठवडे मिटक्या मारत खाल्ला. मग मी एकदा घरी बलाचानची वडी आणली, तिचा वास त्याने घेतला आणि त्याला सगळं उमगलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

उपाय आहे, आणि स्वस्तातला आहे. जवळपास प्रत्येक वस्तीत चिनी बौद्ध पद्धतीचा शाकाहारी स्टॉल असतो आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे शाकाहारी नासी लेमाक मिळतो. त्यात सोयाचं ‘मटण’, तळलेलं टोफू, कोबी आणि बिनबलाचानचा सांबाल. बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मित्रांनाही तिथेच नेते, पण आलं आणि बटाटा त्यांनी विचारून घ्यावा. अंडं असतं की नाही हेही विचारावं लागतं.

गोमांस न खाणाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत. ‘दागिंग’ म्हणजे मांस, पण स्टॉलवर त्याचा अर्थ बहुधा बीफ. आणि ‘पारू’. पारूचे काळपट कुरकुरीत तुकडे बघून मला वाटलं कलेजी तळली आहे. ते गाईचं फुप्फुस असतं. मी तोंडात घालण्याआधी शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘यू इंडियन, यू ईट बीफ?’ म्हणून वाचले. ‘ताक माकान लम्बु’ म्हणजे ‘बीफ खात नाही’. लम्बु म्हणजे गाय, उंच माणसाशी संबंध नाही.

डुकराचं मांस चालत नसेल तर स्टॉल कुणाचा ते बघा. मलय आणि भारतीय मुस्लिम स्टॉलवर ते नसतंच. तिथे ‘मुइस’ या संस्थेचं हलाल प्रमाणपत्र किंवा तशी पाटी लावलेली दिसते. चिनी पद्धतीच्या नासी लेमाकच्या काउंटरवर मात्र लंचन मीटचे गुलाबी चौकोनी काप असतात, ते डुकराचे. तिथला भात कधी कधी हिरवागारही असतो. तो रंग पांदानचा असेल, नाहीतर बाटलीतला. हिरवा म्हणजे जास्त अस्सल, असं काही नाही.

३. कुठे शोधायचं

चार प्रकारच्या जागा आहेत आणि खिशाच्या दृष्टीने चारही वेगळ्या.

हॉकर सेंटर: सरकारने बांधलेलं, छपराखालचं, पंख्याच्या वाऱ्याचं मोठं खानपानगृह. पूर्वी रस्त्यावर गाडे लावणाऱ्यांना इथे आणून बसवलं. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. स्वस्त आणि चांगलं या दोन्हींची गाठ पडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

कोपीटिआम: एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतींच्या इमारतींच्या तळमजल्यावरचं कॉफी शॉप. आठ-दहा स्टॉल, त्यातला एक मलय किंवा भारतीय मुस्लिम असतो. तुमची जागा बहुधा इथेच सापडणार आहे.

काउंटरवरचा पुडका: कोपीटिआमच्या गल्ल्याजवळ किंवा वाण्याच्या दुकानात सकाळी केळीच्या पानात किंवा तपकिरी कागदात बांधलेल्या छोट्या पिरॅमिडांची रास दिसते. त्यात मूठभर भात, चमचाभर सांबाल आणि अंड्याचा तुकडा. सगळ्यांत स्वस्त, आणि केळीच्या पानाचा वास लागल्याने कधी कधी सगळ्यांत चविष्ट. पण बांधून किती वेळ झाला ते विचारा. नारळाचं दूध या हवेत लवकर आंबतं. शिजून चार तास उलटले असतील तर हात लावू नये. दुपारी दोनला उरलेला सकाळचा पुडका मी एकदा घेतला होता. पुढचं सांगत नाही.

मॉलमधलं फूड कोर्ट आणि एसी रेस्टॉरंट: फूड कोर्ट महाग, चव मध्यम. रेस्टॉरंटात कधी अप्रतिम मिळतो, पण मेन्यूवरच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर नऊ टक्के जीएसटी जोडून बघा. आई-बाबा भारतातून आले की तिथे न्यावं. बुधवारच्या सकाळी तिथे जायचं नसतं.

आता नावाजलेल्या जागांबद्दल. तिथे एकदा जावंच, पण मोजपट्टी म्हणून. गाणं शिकताना आधी तानपुरा लावतात, तेवढ्यापुरतं. चार जागा सांगते.

अॅडम रोड फूड सेंटर, बोटॅनिक गार्डन्स या एमआरटी (मेट्रो) स्टेशनवरून चालत. इथल्या सेलेरा रासा या स्टॉलवर भात बासमतीचा असतो. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या घासाला सोपा जातो. चांगी व्हिलेज हॉकर सेंटर हे बेटाच्या पूर्व टोकाला. ताना मेराह स्टेशनवरून २ नंबरची बस घ्या. तिथे नासी लेमाकचे एकाहून जास्त स्टॉल आहेत आणि कुठला चांगला यावर इथली माणसं भांडतात. शेजारीच पुलाउ उबिन बेटाला जाणाऱ्या होड्यांचा धक्का आहे, त्यामुळे खाऊन सायकल चालवायला जाता येतं. पाया लेबार स्टेशनजवळचं गेलांग सेराई मार्केट हे मलय वस्तीचं जुनं केंद्र. वर खाण्याचे स्टॉल, खाली मंडई. ताजं सांतान, पांदानच्या जुड्या, बलाचान सगळं खाली मिळतं. आणि पश्चिमेला राहत असाल तर बून ले. तिथला पॉवर नासी लेमाक रात्री उशिरा भूक लागणाऱ्यांचा आधार आहे.

या चारांपैकी दोन खाऊन झाले की नावाजलेल्या जागांचा नाद सोडा. ज्या जागेसाठी बस बदलावी लागते ती तुमची जागा होत नाही. घरापासून किंवा ऑफिसपासून दहा मिनिटं चालण्याचा एक गोल मनात आखा आणि त्यातल्या प्रत्येक कोपीटिआमवर एक सकाळ खर्च करा.

४. वेळ आणि वार

सकाळी सात ते नऊ. भात ताजा, सांबाल दाट, बिलिस कुरकुरीत. दहानंतर बगदिल संपतात, अकरानंतर भात कोरडा पडू लागतो. फक्त संध्याकाळी उघडणारे स्टॉलही आहेत, ते बहुधा चिनी पद्धतीचे. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

सोमवारी बऱ्याच स्टॉलना सुट्टी असते. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास नमाजासाठी काही मलय स्टॉल तास-दीड तास बंद राहतात. रमजानमध्ये दिवसा बरेच बंद असतात किंवा थेट दुपारनंतर उघडतात, आणि हारी राया, म्हणजे ईद आली की आठवडाभर शटर खाली. चिनी नववर्षात उलट होतं. बाकी सगळं बंद असतं तेव्हा मलय स्टॉल चालू असतात आणि रांगा लांबतात. शिवाय प्रत्येक हॉकर सेंटर अधूनमधून साफसफाईसाठी बंद असतं. तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. मी सुरुवातीला दोनदा फेरी मारून रिकाम्या पोटी परतले, तेव्हापासून बघून निघते.

५. मागायचं कसं

आधी टिशू ठेवून जागा धरा, मग रांगेत लागा. जिथे जास्त माणसं उभी तीच रांग चांगली, हे नेहमी खरं नसतं. कधी कधी रांग लांब असते कारण हात संथ असतो.

स्टॉलवरच्या बाईंना ‘माकचिक’ म्हणावं, म्हणजे मावशी. पुरुषांना ‘पाकचिक’. तरुण मुलगी असेल तर ‘काक’, तरुण मुलगा असेल तर ‘बांग’. अंकल-आंटीही चालतं, पण ‘हॅलो, एक्स्क्यूज मी’ करू नका, ते फार पाहुण्यासारखं वाटतं. इंग्रजी बहुतेकांना येतं. तरीही पाच-सहा मलय शब्दांनी कामं सोपी होतात:

- ‘माकान सिनि’: इथेच खाणार. ‘बुंगकुस’: बांधून द्या. बांधून घेतलं तर डब्याचे वीस-तीस सेंट वेगळे पडतात.
- ‘सांबाल आसिंग’: सांबाल वेगळा द्या.
- ‘सांबाल लबिह’: सांबाल जास्त. ‘कुरांग’: कमी.
- ‘ताक नाक’: नको. ‘ताक नाक इकान बिलिस’ म्हटलं की सुकी मासळी वगळतात.
- ‘बरापा?’: किती झाले?
- ‘सदाप’: चविष्ट. हा शब्द ताट परत करताना वापरावा, आधी नाही.

इथे नव्या माणसाचा खिसा कापला जातो तो बोट दाखवण्याने. कुणी फसवत नाही. आपणच ‘हे, आणि ते, आणि तेही’ म्हणत जातो आणि प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो. पाटीवर ‘सेट ए’, ‘सेट बी’ असं लिहिलेलं असतं, तोच घ्यावा. हे लिहिते आहे तेव्हा माझ्या भागात अंडं आणि बिलिसचा साधा सेट साडेतीन डॉलरच्या आसपास आणि कोंबडीचा पाच-सहाच्या घरात. तोच ऐवज सुटा सुटा मागितला तर दीड-दोन डॉलर सहज वाढतात. दर लिहिलेला नसेल तर आधी ‘बरापा?’ विचारावं. त्याचा कुणाला राग येत नाही.

चहा-कॉफी वेगळ्या स्टॉलवर. ‘तेह’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. ‘तेह ओ’ म्हणजे बिनदुधाचा, पण साखर असते. ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा. या भातावर मला तोच लागतो.

६. परीक्षा घ्या, पण साध्या सेटची

सगळ्या लेखात एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्यांदा फक्त साधा सेट घ्यायचा. कोंबडी नाही. गरम तेलातून काढलेली कोंबडी कुणाचीही चांगली लागते, तिच्याआड वाईट भात लपतो. मिसळवाल्याची परीक्षा नुसत्या कटावर करतात ना, तसंच.

पहिला घास नुसत्या भाताचा, सांबाल न लावता. दाणा सुटा हवा, पण कोरडा नको. बोटांना तुपकट ओलावा लागावा, ताटलीवर तेल उतरू नये. आधी नारळाची गोडी, मागून मीठ, आणि गिळल्यावर नाकात पांदान. जाणते लोक तांदूळ आधी वाफवून घेतात, मग सांतान घालून पुन्हा वाफवतात. तो भात ओळखू येतो, प्रत्येक दाण्यात नारळ शिरलेला असतो. घाईत केलेल्या भातात नारळ बाहेरून चोपडल्यासारखा लागतो, आणि तळाचा भात गिचका होतो. नुसता पांढरा भात देऊन ‘लेमाक’ म्हणणारेही आहेत. एक घास आणि पुन्हा पाऊल नाही.

दुसरा घास नुसत्या सांबालचा, चमच्याच्या टोकावर. तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. मलय स्वयंपाकात याला ‘पचाह मिन्याक’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तेल फुटणं. आपली आजी ‘मसाल्याला तेल सुटेपर्यंत परत’ म्हणायची, तेच. तेल सुटलं नसेल तर मिरची कच्ची लागते आणि दुपारभर छातीत जळजळते. चव आधी गोड, मग आंबट, मग तिखट अशी चढत गेली पाहिजे. सिंगापूरचा सांबाल एकूण गोडसर असतो. कोल्हापूरच्या मंडळींची पहिल्यांदा निराशा होईल. चार वेळा खाऊन बघा. ती गोडी खारट मासळीसाठी ठेवलेली आहे, हे हळूहळू पटतं. पण काही ठिकाणी तो अक्षरशः जॅम असतो. त्यांना माफी नाही.

तिसरा घास सगळ्याचा मिळून. बिलिस दाताखाली वाजली पाहिजे. मऊ पडली असेल तर कालची आहे. काकडीच्या कडा सुकलेल्या असतील तर तीही सकाळपासून कापून ठेवलेली आहे, आणि जो काकडीत आळस करतो तो इतर ठिकाणीही करतो.

घरी जाताना वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: भात, सांबाल, किंमत, दहापैकी गुण देऊन. आणि वेळ टिपायची. एकदा खाऊन कुणालाही नापास करू नये. मी ज्याला सहा गुण दिले होते तोच स्टॉल सकाळी साडेसातला नऊचा निघाला. पहिल्या खेपेला मी साडेदहाला गेले होते.

हाताने खाल्लं तर चालतं का? चालतं, उजव्या हाताने. मलय घरांत हातानेच खातात. हात धुवायला बेसिन असतंच. काटा-चमचा मिळतो, त्यात चमचा उजवीकडे धरायचा, काट्याने फक्त ढकलायचं.

७. ताट परत

खाऊन उठून जाऊ नका. हॉकर सेंटरमध्ये ट्रे आणि खरकटं स्वतः परत न्यावं लागतं. १ सप्टेंबर २०२१ पासून याची कायद्याने अंमलबजावणी होते. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुढे दंड.

खरी मेख पुढे आहे. ट्रे परत करायच्या मांडण्या दोन असतात, हलाल आणि नॉन-हलाल. मलय स्टॉलचं ताट हलालच्या मांडणीतच ठेवायचं. त्याच ट्रेवर शेजारच्या चिनी स्टॉलची वाटी घेऊन बसू नका, आणि दोन्हीकडचं खाल्लं असेल तर भांडी वेगवेगळी परत करा. पहिल्या आठवड्यात मी ट्रे चुकीच्या मांडणीत सरकवला. सफाई करणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी काही न बोलता तो उचलून दुसरीकडे ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

८. मलेशियात गेलात तर

पासपोर्ट घेऊन आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरून पुलापलीकडच्या जोहोर बाहरूला गेलात तर तोच पदार्थ नव्याने भेटतो. सांबाल जरा तिखट, अंडं उकडलेलं, केळीच्या पानातले पुडके रिंगिटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, आणि म्हणून आपल्याला फारच स्वस्त. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात नासी लेमाक आहे, रोटी चानाई हा पराठा आणि तेह तारिक हा फेसाळ चहा आहे. हा पदार्थ मूळ कुणाचा यावर दोन्हीकडच्या लोकांशी वाद घालू नये. पुरणपोळी कुणाची हे आपण कर्नाटकाशी अजून मिटवलेलं नाही.

शनिवारी सकाळी मात्र पूल ओलांडायला जाऊ नका. दोन तास इमिग्रेशनच्या रांगेत काढून तीन रिंगिटचा भात स्वस्त पडत नाही.

९. जागा सापडल्यावर

तीन खेपांना सातच्या वर गुण मिळाले की ती तुमची जागा. मग त्याच वेळी, त्याच वारी जात राहा. चौथ्या-पाचव्या खेपेला माकचिक न विचारता सांबाल वेगळा देते, सातव्या-आठव्या खेपेला भाताचा जास्तीचा डाव पडतो. त्यानंतर कोंबडी घ्यायला हरकत नाही.

आणि दुसरी जागाही वहीत तयार ठेवा. माझी पहिली माकचिक बेडोकमध्ये आमच्या ब्लॉकखालच्या कोपीटिआमवर होती. साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी, सांबाल मात्र रोज पहाटे स्वतः परतणारी. एका हारी रायानंतर शटर उघडलंच नाही. पंधरा दिवसांनी त्यावर कागद चिकटवलेला दिसला, आणि महिन्याभरात तिथे फ्राइड चिकनचा स्टॉल आला. मुलगी पुढे चालवणार नव्हती, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. मी वहीतल्या दोन नंबरवर गेले, तर त्यांनी दर वाढवून भात कमी केला होता.

सध्या तीन नंबरवर आहे. चालत अकरा मिनिटं, सोमवारी बंद, इकान कुनिंग फक्त शनिवार-रविवारी. बगदिल हवे असतील तर साडेआठच्या आत पोहोचावं लागतं, आणि त्या बगदिलमध्ये खिमा नसतो, मी विचारून घेतलं आहे. सांबालला मी साडेसात दिले आहेत. आमच्या बेडोकच्या माकचिकच्या नऊपर्यंत अजून कुणी पोहोचलेलं नाही. बेडोक रिझर्व्हॉयरच्या बाजूला दोन कोपीटिआम चाखायची राहिली आहेत. पुढच्या बुधवारी पहिल्याकडे जाईन.